मांजर या शब्दाखाली

करंजवेळच्या सड्यावर मांजरं कोणी आणली, याची नोंद कुठेच नाही. वाघ आला की पेपरात येतं. मांजर आलं की कोणीतरी त्याला दूध घालतं आणि विषय संपतो.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. आमचं गाव त्याच्या कुशीत, खाली खाडी. गावातली माणसं एकेक करून शहराकडे गेली, घरांना कुलपं लागली, मांजरं मागे राहिली. मग त्याच घरांची 'कोकणी आतिथ्य' अशा पाट्यांची विश्रामघरं झाली. तिथे येणारी कुटुंबं मुलांच्या हट्टापायी घेतलेलं आणि मुलांना कंटाळा आलेलं मांजर गाडीतून आणायची, 'इथे मोकळ्या हवेत सुखी राहील' असं म्हणून सोडून जायची. त्यात निळ्या डोळ्यांची सयामी होती, कापसासारखी पर्शियन होती. ती खरोखरच सुखी राहिली. बाकी कोणी राहिलं नाही.

हे बाकी कोण, ते माझी धाकटी बहीण केतकी मोजते. गावातल्या बंद पडलेल्या शाळेत तिचं केंद्र आहे आणि चौदा वर्षं ती सड्यावरचे प्राणी मोजते आहे. आमची आई म्हणायची, "शिकून सवरून गुरं राखते. आणि तीसुद्धा कोणाची नाहीत!"

केतकीने एकदा एका मांजरीच्या गळ्यात छोटा कॅमेरा बांधला. चार महिन्यांत त्या एका मांजरीने दोनशेबारा जीव मारले. पाली, सरडे, बेडूक, चिचुंद्र्या आणि एकोणीस रातवे. रातवा हा पक्षी घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही. उघड्या दगडावर अंडी घालतो आणि स्वतःच दगड होऊन बसतो. त्याचं सगळं संरक्षण न दिसण्यात आहे. हजारो वर्षं ते पुरलं, कारण इथले शिकारी बघून मारणारे होते. मांजर ऐकून मारतं. पिल्लाने अंड्याच्या आत चोच आपटली तरी मांजराला पंधरा पावलांवरून कळतं. मांजरीचं पोट घरी भरलेलं होतं, हे वेगळंच. दोनशेबारांपैकी तिने खाल्ले साठ. उरलेले आपले सवयीने.

केतकीने अर्ज केले, तक्ते दाखवले, मंत्र्यांच्या स्वीय सहायकाला रातव्याचं पिल्लू दाखवलं. त्याने ते कोंबडीचं समजून कौतुक केलं. सात वर्षांनी, म्हणजे २०३९ साली, योजना मंजूर झाली. मांजरं मारायची नाहीत, फक्त त्यांची पुढची पिढी होऊ द्यायची नाही.

यंत्राचं सरकारी नाव 'जैवसमतोल स्वयंचलित एकक' असं होतं. गावाने पहिल्याच दिवशी त्याला 'बोका' म्हटलं. आकार प्रेशर कुकरएवढा, पाय चार, पाठीवर सौर पत्रा. दिवसभर उन्हात पडून राहायचं, अंधार पडला की हिंडायचं. मांजर दिसलं की थबकायचं, दबकत जवळ जायचं आणि तांदळाच्या कणीएवढी सुई मारायची. मांजर फिस्कारून निघून जायचं. एवढंच.

सुईत जे होतं, ते खरोखर हुशारीचं होतं. मादीच्या बीजकोशात तिच्या जन्मापासूनच सगळी बीजं झोपलेली असतात. त्यातली थोडी थोडी जागी होतात. 'सगळ्यांनी एकदम उठू नका' असं त्यांना बजावणारं एक संप्रेरक शरीरात असतं. ते थोडं असलं की शिस्त राहते, भरमसाट झालं की कोणीच उठत नाही. शास्त्रज्ञांनी एक निरुपद्रवी विषाणू घेतला, त्याच्या पोटातलं त्याचं स्वतःचं काढून तिथे या संप्रेरकाचं जनुक ठेवलं. तो स्नायूत गेला की स्नायू आयुष्यभर ते संप्रेरक करत राहतो. एक सुई, जन्माचा बंदोबस्त. वेदना नाही, रक्त नाही, प्राणिमित्रांचा मोर्चा नाही. उताराही नाही, पण तेव्हा तो कोणाला हवा होता?

इथवरच्या गोष्टीत माझा काही संबंध नाही. इथून पुढे आहे.

मी उपेंद्र नाचणकर, यंत्रभाषा कक्षात परिभाषा अधिकारी. सरकारी पैशाने घेतलेल्या प्रत्येक यंत्राला आज्ञा मराठीतच द्यायच्या, असा निर्णय झाला तेव्हा आमचा कक्ष निघाला. लिफ्टला मराठी शिकवा, विजेच्या रोहित्राला शिकवा, धान्य निवडणाऱ्या यंत्राला शिकवा. आमचं काम शब्दांचे तक्ते करून देणं. बोक्यासाठी प्राण्यांचा तक्ता माझ्याकडे आला. माझ्याच बहिणीची योजना, माझंच गाव. मी तो स्वतःकडे मागून घेतला.

यंत्राच्या पोटात लाखो चित्रं होती आणि प्रत्येक चित्राखाली त्या प्राण्याचं लॅटिन नाव. निर्णयात 'परकीय शब्द टाळावेत' असं होतं. मी लॅटिन स्तंभ काढून टाकला. तिथे मराठी नावं घातली आणि ती कोशाच्या रीतीने लावली: आधी मुख्य शब्द, त्याखाली त्याचे सामासिक शब्द, अकारविल्हे. वीस वर्षं हेच करत आलो आहे. त्यामुळे 'मांजर' या शब्दाखाली असं आलं: उदमांजर, खवले मांजर, पर्शियन मांजर, पाणमांजर, रानमांजर, सयामी मांजर.

कोश म्हणून यात काहीही चूक नाही. आजही नाही.

तक्ता करताना केतकीकडे मी स्थानिक नावं मागितली होती. तिने तिच्या मदतनिसाला, गंगाराम धनावड्यांना, शेजारी बसवून यादी पाठवली. लगेच मी फोन केला.

"केतकी, ही काय यादी आहे? खवल्या, हूद, कांडेचोर?"

"तीच नावं आहेत इथली. हूद खाडीत असतं, कांडेचोर माडावर. खवल्या तुला माहीत आहे."

"माहीत आहे गं. पण ही बोली झाली. मला प्रमाण शब्द हवेत. हूद म्हणजे पाणमांजर, कांडेचोर म्हणजे उदमांजर."

"मग तुलाच सगळं येतंय तर मला कशाला विचारतोस, दादा?"

"नियमात आहे म्हणून. स्थानिकांशी विचारविनिमय."

मागून गंगारामांचा आवाज आला, "काय म्हंतायत उपादादा?"

"म्हणतायत, तुमचे शब्द चुकीचे आहेत."

"असतील बा," गंगाराम म्हणाले. "आमचो बापूस पन त्येच चुकीचे बोलायचो."

आम्ही तिघंही हसलो. मी यादीच्या समासात लाल शाईने लिहिलं, 'बोली. वगळावे.' माझं अक्षर चांगलं आहे.

कंपनीने तक्ता यंत्रात भरला आणि आज्ञा दिली: 'मांजर आणि मांजर या शब्दाखाली येणारे सर्व.' 'सर्व' असं घालणं भाग होतं, नाहीतर सयामी आणि पर्शियन सुटल्या असत्या. यंत्राने चित्रं आणि शब्द जुळवले. शंका विचारायची सोय त्यात नव्हती. त्याचे वेगळे पैसे पडत होते.

पहिलं वर्ष फार छान गेलं. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण नंतरच्या चौकशी अहवालात त्याचा उल्लेख नाही. मांजरींना पिल्लं होईनाशी झाली, म्हाताऱ्या मेल्या. दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा केतकी मला हाताला धरून सड्यावर घेऊन गेली. आम्ही असे हात धरून कुठे गेलो, त्याला चाळीस वर्षं झाली असावीत.

"तिथे बघ," ती म्हणाली.

"दगड आहे."

"नीट बघ."

दगडाने डोळा उघडला. रातव्याची मादी होती. तिच्या पोटाखालून आणखी दोन छोटे दगड बाहेर आले.

"चौदा वर्षांत इतकी पिल्लं पहिल्यांदा बघते आहे," केतकी म्हणाली. मग दुसरीकडे बघत म्हणाली, "तुझं पण काम आहे यात. आई असती तर सांगितलं असतं तिला."

आमच्या घरात कौतुक असंच करतात, तिसऱ्या माणसाला उद्देशून आणि शक्यतो तो हयात नसताना. मी परतीच्या प्रवासात पनवेलपर्यंत त्यावर खूश होतो.

नऊ फेब्रुवारीला दुपारी अडीच वाजता कंपनीच्या अभियंत्याचा, तन्वीर काझीचा, फोन आला. तो खेडचा मुलगा, बोलायला गोड.

"सर, तालुक्यात मांजरं पाहणीत किती धरली होती? दोनशे साठ ना?"

"हो."

"आमच्या सुया सहाशेच्या वर गेल्या. साहेब लोक खूश आहेत, त्यांना जास्त झालं की बरंच वाटतं. पण मला एक विचारायचं होतं. हसू नका हं."

"विचार."

"सर, मांजर पाण्याखाली जातं का?"

"का रे?"

"खाडीवरचा बोका कळवतोय, 'लक्ष्य पाण्याखाली गेलं, वाट बघत आहे.' महिन्यात अकरा वेळा. सेन्सर बिघडला म्हणावं, तर दर वेळी लक्ष्य वर येतंय, आणि सुई लागतेय."

मी समोरचा तक्ता उघडला. मुख्य शब्द, त्याखाली सहा शब्द. काय झालं ते कळायला मला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा ते सांगायला जास्त लागतो आहे. खाडीतली हूदं, माडावरची कांडेचोरं, सड्यावरचे खवल्ये, सगळ्यांना मी मांजर केलं होतं. गंमत म्हणजे सड्यावर वाघाटी नावाची एक छोटी रानटी मांजरी आहे, घरच्या मांजरीची अगदी जवळची नातेवाईक. तिला एकही सुई लागलेली नव्हती. तिच्या नावात वाघ होता म्हणून माझ्या तक्त्यात ती वाघाखाली गेली होती, आणि वाघाला सुई मारायचा आदेश अजून निघायचा होता.

"सर?"

"सेन्सरच असेल," मी म्हणालो. "मी बघतो."

मी पहिल्यांदा स्वतःला धीर दिला. औषध मांजराचं आहे. ज्याच्या अंगावर खवले आहेत आणि जे मुंग्या खातं, त्याला ते कशाला लागू पडेल? संध्याकाळपर्यंत वाचून काढलं. सस्तन प्राण्यांच्या वंशवृक्षात मांजर, कुत्रा, हूद ही सगळी मांसाहारी मंडळी एका फांदीवर आहेत, आणि त्या फांदीला सगळ्यात जवळची फांदी खवल्याची आहे. मुंगीखाऊ दूर, साळिंदर दूर, खवल्या जवळ. संप्रेरक जवळजवळ तेच. म्हणजे ज्या कोणी पूर्वजाने त्याला मांजर म्हटलं, त्याचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. भाषा बरोबर निघाली. एरवी मी त्यावर लेख लिहिला असता.

यंत्रं थांबवायची तर तक्ता चुकीचा आहे असं लेखी द्यावं लागणार होतं. आणि सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, त्याच तक्त्याचा ग्रंथ प्रकाशित व्हायचा होता. 'यंत्रशब्दसंहिता', खंड पहिला. मुखपृष्ठावर माझं नाव. सभागृह ठरलं होतं, शाली आल्या होत्या.

दहा तारखेला मी संचालकबाईंच्या, म्हणजे हर्डीकरबाईंच्या, खोलीत गेलो. त्या निमंत्रणपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ तपासत होत्या.

"या नाचणकर. 'प्रमुख अतिथी'त 'ति' ऱ्हस्वच ना? काही अडचण?"

"नाही," मी म्हणालो.

हा माझा पूर्ण जबाब आहे. बाईंनी मला गप्प बसवलं नाही, कोणी धमकावलं नाही. एप्रिलनंतर बसलेल्या चौकशी समितीला हे सांगितलं तेव्हा त्यांनाही ते पटेना. त्यांना वरून दबाव हवा होता.

अठरा दिवसांनी काय बिघडतं, असं मी धरून चाललो. वर्षभर सुया चालूच होत्या; व्हायचं ते होऊन गेलं असणार. हा हिशेब बरोबर असता, पण चौदा तारखेला केतकीचा फोन आला.

"दादा, काहीतरी विचित्र चाललंय. या हंगामात एकाही खवल्याच्या पाठीवर पिल्लू नाही."

खवल्याची मादी पिल्लाला शेपटीच्या बुंध्यावर बसवून हिंडवते. वर्षाला एकच पिल्लू, तेही झालं तर.

"रोग असेल काही," मी म्हणालो.

"तेच वाटतंय. नमुने पाठवलेत. माझ्या सात माद्यांपैकी सहा कोऱ्या. हूदांचंही तसंच. फक्त सात नंबर उरली आहे. ती ओढ्याच्या पलीकडे असते ना, तिकडे झाडी दाट, ऊन नाही, त्यामुळे बोकाबिका कोणी जात नाही तिकडे. शांत आहे एकदम. आणि ऐक, तिच्या बिळापाशी नर यायला लागलाय! गंगारामभाऊ तर लग्न ठरल्यासारखे वागतायत. तिला 'बाय' म्हणतात."

"अरे वा," मी म्हणालो.

"पण आता नवीन बॅटरी आल्यात म्हणे बोक्यांच्या. परवा एक ओढा ओलांडताना दिसला. जाऊ दे, तिकडची पण दोन-चार मांजरं कमी होतील."

मी फोन धरून उभा होतो. 'केतकी, तो बोका उचल आणि पालथा घाल,' एवढे सात शब्द होते. मी शब्दांचा पगार घेतो. मी म्हणालो, "तब्येत सांभाळ. ऊन लागतंय आता तिकडे."

सत्तावीसचा कार्यक्रम चांगला झाला. प्रमुख अतिथी म्हणाले की, मराठी आता यंत्राच्याही रक्तात उतरली आहे. टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यावर शाल होती, फेब्रुवारीच्या मानाने गरम. अठ्ठावीसला सकाळी दहा वाजता मी पत्र दिलं. दोन मार्चला यंत्रं थांबली. हर्डीकरबाईंनी पत्र वाचून चष्मा काढला आणि विचारलं, "हे कालच्या आधी माहीत नव्हतं तुम्हाला?" मी म्हणालो, "काल रात्री लक्षात आलं." त्यांनी मान डोलावली. पत्रावर शेरा मारला, 'त्वरेने निदर्शनास आणल्याबद्दल अधिकाऱ्याचे कौतुक.'

ग्रंथाला शुद्धिपत्रक जोडलं. त्यात लिहिलं आहे: 'पृष्ठ २१४, "मांजर" या नोंदीखालील काही शब्द अनवधानाने आले आहेत.' पुढे चौकशी समितीने ठपका बोलीभाषांतल्या अराजकावर ठेवला. मांजरांचं म्हणाल, तर होळीच्या सुट्टीत गाड्या आल्या आणि प्रत्येक दोन-तीन गाड्यांमागे एक मांजर मागे राहिलं. त्यांना सुई लागलेली नव्हती आणि आता लागणारही नव्हती. मांजरी वर्षाला तीनदा विते. खवल्याला तेवढी घाई नसते.

एप्रिलमध्ये मी करंजवेळला गेलो. केतकीने बोलावलं नव्हतं. शाळेच्या खोलीत ती संगणकापुढे बसली होती, दारात गंगाराम. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं.

"बस," ती म्हणाली. "कंपनीने बोक्याचं चित्रण पाठवलंय. सात नंबरचं. मी दोनदा बघितलं, तू एकदा बघ."

चित्रण काळं-हिरवं होतं. सात नंबर बिळातून बाहेर आली, वारुळापाशी गेली. बोका दिसताच तिने तेच केलं, जे तिच्या जातीने बिबट्यापुढे लाखो वर्षं केलं आहे. डोकं पोटात घातलं, शेपूट वरून गुंडाळली आणि खवल्यांचा चेंडू होऊन बसली. बिबट्या त्या चेंडूशी थोडा वेळ झटतो, कंटाळतो, निघून जातो. तिचं सगळं संरक्षण समोरच्याला कंटाळा येण्यावर उभं आहे.

बोक्याला कंटाळा बसवलेला नव्हता. तो समोर बसून राहिला. केतकीने चित्रण भराभर पुढे सरकवलं. कोपऱ्यातले आकडे धावत होते. एक तास, तीन तास, पाच. एकदा वाऱ्याने पान येऊन बोक्याच्या पाठीवर पडलं. पाच तास चाळीस मिनिटांनी चेंडू जरा सैल झाला. एक नाक बाहेर आलं. ते लांबट होतं, ओलं, आणि त्यावर एकही खवला नव्हता.

केतकीने तिथे चित्र थांबवलं. खाली तारीख होती, वीस फेब्रुवारी.

"गंगारामभाऊंना मी सांगितलं तुझ्या तक्त्याचं," ती म्हणाली.

गंगाराम माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे, पाहुण्याकडून घरातलं काही मोडलं की माणूस जसा बघतो, तसे. "आमी खवल्याच म्हंतो वो दादा," ते म्हणाले. "मांजर नाय म्हनत. मांजर त्येला तुमी केलात."

"हो," मी म्हणालो.

"तुला कधी कळलं?" केतकीने विचारलं.

गाडीत बसल्यापासून मी याचं उत्तर तयार ठेवलं होतं. अठ्ठावीस. कागदावर तीच तारीख होती, त्यावर कौतुकाचा शेरा होता, आणि ती वीसच्या नंतरची होती. केतकीने ती मानली असती. आम्ही दोघं मिळून कंपनीला शिव्या दिल्या असत्या, गंगारामांनी चहा टाकला असता, दिवाळीत मी पुन्हा आलो असतो. मला बहीण एकच आहे.

"नऊ फेब्रुवारीला," मी म्हणालो. "दुपारी अडीचला."

वजाबाकी तिघांनीही केली. अकरा दिवस. मग गंगारामच म्हणाले, "जल्ला मेला फोन तरी करायचात. येक गोनपाट टाकलान असतान त्याच्यावर. येक गोनपाट वो!" आणि ते उठून बाहेर गेले. शाळेच्या व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ इकडून तिकडे फिरत राहिला.

"चौदा तारखेला मी फोन केला होता तुला," केतकी म्हणाली.

"हो."

"मी तुला बॅटरीचं सांगितलं."

"हो."

"तू म्हणालास, ऊन लागतंय."



ती रडेल असं मला वाटलं, ओरडेल असंही वाटलं. लहानपणी ती चावायची. तिने चित्रण बंद केलं आणि एक लांबलचक तक्ता उघडला. तो तिचा होता. वर शीर्षक होतं, 'बाहेरून आलेल्या भक्षकांमुळे झालेली हानी.' चौदा वर्षांच्या ओळी होत्या. प्रत्येक ओळीत प्राणी, जागा, तारीख, हानी आणि भक्षक. भक्षकाच्या रकान्यात वरून खालपर्यंत मांजर, मांजर, मांजर, मध्ये कुठे कुत्रा, पुन्हा मांजर. तळाशी सात नंबरची ओळ होती. प्राणी भरलेला, जागा भरलेली, तारीख भरलेली. हानीच्या रकान्यात 'प्रजनन कायमचे बंद'. पुढचा रकाना रिकामा.

"दीड महिना हे तसंच ठेवलंय," ती म्हणाली. "काय लिहायचं कळेना. मांजर लिहू?"

"नको."

"यंत्र?"

"यंत्राने वाचलं फक्त."

 मग तिने टंकलं, सावकाश, एकेक अक्षर. उपेंद्र नाचणकर. आम्हा दोघांचं आडनाव एकच आहे. माझ्यासाठी ते लिहायची तिला कधी गरज पडली नव्हती.

त्यापुढे एक शेवटचा रकाना होता आणि त्यात दोनच पर्याय होते.

"इथला, की बाहेरून आलेला?" तिने विचारलं.

टोमणा नव्हता. तो रकाना भरल्याशिवाय ओळ पुरी होत नाही, म्हणून विचारत होती. मी त्याच खोलीत चौथीपर्यंत शिकलो आहे. खिडकीतून आमच्या घराचं छप्पर दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि 'इथला' हा शब्द अगदी ओठापर्यंत आला.

"बाहेरून आलेला," मी म्हणालो.

तिने तशी खूण केली आणि पुढची ओळ घेतली.